अर्ध्या शटराखालचे पाय

६ फेब्रुवारी

मामा,
नमस्कार.

माझं सगळं बदललं ते परवा मंगळवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. वेळ एवढी नेमकी सांगतोय, कारण मी घड्याळवाल्याच्या दाराशेजारच्या काचेसमोर उभा होतो. आत सतरा घड्याळं, त्यातली तीन एका मताची. बहुमत मानलं.

ताई, हे तुझ्या बाबांना वाचून दाखवताना आवाज काढू नकोस.

‘फोनवर तू बोलत नाहीस, पेटतोस. महत्त्वाचं असेल ते कागदावर लिही, लिहीपर्यंत अर्धा विझशील,’ असं तूच म्हणाला होतास, म्हणून लिहितोय. पण मामा, हे विझणारं प्रकरण नाही.

तर, मला काम लागलंय. लांब कुठे नाही, आपल्याच रस्त्यावर. पालिकेने शहराच्या मध्यभागाचा सर्वे काढलाय. घड्याळवाल्यापासून बंद पडलेल्या थिएटरपर्यंत त्रेसष्ट दुकानं, आणि रोज दुपारी दोन ते चार त्यांच्यासमोरून चालत जायचं. हातात तक्ता. तक्त्यात दोनच रकाने : ‘चालू’ आणि ‘बंद’. बस, खुणा करायच्या. आईला कळवलंस तर ‘पालिकेत लागला’ एवढंच कळव, ‘खुणा करतो’ म्हणू नकोस.

या सगळ्याचा नकाशा करणारी एक मुलगी आहे. नाव सांगत नाही, तू पडलास शिक्केवाला, लगेच त्या नावाचा शिक्का बनवशील. तिला आपण नकाशावाली म्हणू. ती या शहरातली नाही. पहिल्याच दिवशी रस्त्याच्या मधोमध उभी राहून म्हणाली, “केवढी ताकद नुसती पडून आहे इथे!” मी मागे वळून बघितलं, कुणी पहिलवान आलाय की काय. तिने थिएटरच्या नऊ पायऱ्या दाखवल्या. म्हणाली, एवढी सुंदर बसायची जागा आणि बसतं कोण, कबुतरं. वरचे मजले, रुंद पदपथ, कमानींची सावली, सगळं बोटाने दाखवत गेली. मामा, मी या रस्त्यात वाढलो आणि मला त्या पायऱ्या कधी दिसल्याच नव्हत्या. कॉलेजात दीड वर्ष पुलांची गणितं सोडवली, पण रस्त्याकडे असं बघायला कुणी शिकवलं नाही. आता मी तक्त्याच्या पाठीमागे बाकांची चित्रं काढतो.

मंगळवारी तिने मला काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, ती हसली आणि तिने ते लिहून घेतलं. माझं वाक्य, तिच्या अक्षरात. मग आम्ही पायऱ्यांवर बसून चहा घेतला. कबुतरं उठून गेली. एवढंच झालं. पण त्या क्षणापासून मी माझा राहिलेलो नाही.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? दुकानाची काळजी करू नकोस. रोज उघडतो. दुपारी शटर अर्ध्यावर, आपल्या रीतीप्रमाणे.

तुझा,
तोफ


१२ फेब्रुवारी

चि. तोफेस
अनेक आशीर्वाद.

अक्षर ताईचं आहे, शब्द माझे. मधेमधे ती आपलं घुसडेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. (बाबा, मी घुसडत नाही, खुलासा करते. — ताई)

एक डोळा झाला. दुसरा पंधरा दिवसांनी. तोवर अक्षराकडे बघायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. चाळीस वर्षं शिक्क्यांची उलटी अक्षरं वाचली, आता सुलटीही वाचायची बंदी. खिडकीशी बसून समोरच्या भिंतीचा रंग बघतो. पिवळा आहे. काल कळलं. (मातीचा रंग आहे. पिवळा नाही.)

तुझ्या प्रेमाबद्दल मी काही बोलणार नाही. या घरात बोलणारे पुष्कळ आहेत. (दहा वेळा वाचून घेतलं त्यांनी. पायऱ्यांवरची कबुतरं त्यांना फार आवडली.) पण दोन गोष्टी तू गाळल्यास, त्या सांग.

पहिली : तिने विचारलं काय? माणूस आयुष्य बदललेल्या क्षणाचं घड्याळ सांगतो, चहा सांगतो, कबुतरं सांगतो, आणि नेमका प्रश्न गाळतो, हे मला पटत नाही.

दुसरी : दोन ते चार तू रस्त्यावर, मग दुकानात कोण?

आणि ती नकाशावाली म्हणते ते ऐकून मला गंमत वाटली. ताकद पडून आहे, हे खरं. वरचे मजले पडून आहेत, थिएटर पडून आहे. मी स्वतः पालिकेला तीनदा लिहिलंय, त्या पायऱ्या धुवा, वर एक दिवा लावा, माणसं बसतील. पण दुपारचा रस्ता पडून नसतो रे, जरा लवंडलेला असतो. तिला सांग, आपल्याकडे दुपारी शटर अर्ध्यावर येतं ते झळ आत येऊ नये म्हणून आणि डोळ्यांचं बारीक काम तेव्हाच होतं म्हणून. पूर्ण खाली म्हणजे माणूस नाही. अर्धं म्हणजे माणूस आहे, वाकून या. वाकून आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जात नाही, हा माझा अनुभव.

तू सहा वर्षांचा असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत दुकानाच्या फरशीवर पालथा पडायचास आणि शटराखालून पाय ओळखायचास. “मामा, शिंपी आला. मामा, पुस्तकं बांधणारी मावशी चालली.” एकदाही चुकला नाहीस. त्या मुलीला हे सांगितलंस का? चहापेक्षा याने जास्त काम होईल.

आईचा फोन होता. कॉलेजच्या दाराची काच बसवून झाली म्हणे. सरांशी वाद झाला तर बाहेर पडावं, पण दार एवढं आपटू नये की मागे माणसं काचा वेचत बसतील.

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

तू प्रश्न विचारतोस की उलटतपासणी करतोस? दुकानात दुपारी चश्मेवाल्यांचे आजोबा येऊन बसतात. तेच, एका पायात मोजा घालणारे. ते घरी सुनेला त्रास देतात, त्यापेक्षा आपल्या खुर्चीत बरे, असं चश्मेवाले काकाच म्हणाले. झालं समाधान?

आणि तिने विचारलं ते कामाचंच होतं. तक्त्याबद्दल. तुला त्यात काय रस?

आता बातमी ऐक. मी शिक्का बनवला! पहिला, एकट्याने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. सर्वेच्या ऑफिसला एक शिक्का हवा होता. साहेब कुठल्या तरी यंत्रवाल्याकडे देणार होते, मी म्हणालो, माझा मामा या शहरातला सगळ्यात जुना शिक्केवाला, काम आमच्याकडेच येणार. नकाशावाली म्हणाली, “तुला येतो करायला?” मग काय, नाही म्हणतो की काय. अक्षरांचे खिळे जुळवले, साचा काढला, रबर दाबात ठेवलं. पहिलं जळलं. दुसऱ्यात ‘प’चं पोट फुटलं. तिसरं असं उतरलं की मीच बघत राहिलो. लाकडी मुठीवर चिकटवून स्वतः नेऊन दिला. तिने कागदावर मारून बघितला आणि म्हणाली, “अक्षरं जिवंत वाटतात.” मामा, मी त्या दिवशी जेवलो नाही. भूकच नव्हती.

ठसा सोबत पाठवतोय. ताई, बाबांना वाचून दाखव आणि अक्षरांचं वर्णन नीट कर, कंजुषी नको.

मोजणी संपली. त्रेसष्टपैकी एकेचाळीस बंद निघाली. साहेब खूश आहेत. म्हणाले, एवढी ताकद पडून असेल असं वाटलं नव्हतं. तिने त्या एकेचाळीस जागा नकाशात लाल रंगवल्यात. तिचा हा पहिलाच नकाशा, म्हणून रंग तीन वेळा बदलला. आता त्या जागा जोडून मोठी दालनं करणार, वाचनालय, मुलांसाठी कार्यशाळा, थिएटरपर्यंत सलग सावली. तिने सगळं मला आधी दाखवलं. साहेबांच्याही आधी.

तू येशील तेव्हा रस्ता ओळखणार नाहीस.

तोफ


२७ फेब्रुवारी

चि. तोफेस
आशीर्वाद.

ठसा मिळाला. ताईने वाचला : ‘ही जागा वापरात नाही.’ मी तिला प्रत्येक अक्षर विचारलं. ती म्हणते, ओळ सरळ आहे, शाई सारखी बसलीय, कडा स्वच्छ आहेत, फक्त ‘नाही’ थोडं उजवीकडे सरकलंय. पहिल्या शिक्क्याला एवढं चालतं. माझा पहिला अख्खा तिरका होता. हात चांगला आहे तुझा. हे मी मनापासून म्हणतोय, आणि पुढचंही मनापासूनच.

शिक्का घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तीन गोष्टी विचारतो. तू शेजारी बसून शंभरदा ऐकल्यास. कशावर मारणार? कोण मारणार? आणि चुकून मारला गेला तर पुसणार कोण? उत्तरं वहीत ठशाशेजारी लिहितो, मगच खिळ्याला हात लावतो. त्यापायी गिऱ्हाइकं गेली, तुझी मामी हसायची, पण वही कधी कोरी ठेवली नाही.

तू विचारलंस? वहीत काय लिहिलंस?

दुसरं. मी जानेवारीत निघालो तेव्हा रस्त्यात एक दुकान बंद नव्हतं. तू म्हणतोस एकेचाळीस बंद. महिन्याभरात एकेचाळीस माणसं कुठे गेली? साथ आली का? (बाबा विनोद करत नाहीयेत. ते मला एकेका दुकानाचं नाव घेऊन विचारताहेत, शिंपी आहे ना, रेडिओवाला आहे ना. मी काय सांगू? — ताई)

त्या जागा पालिकेच्या आहेत, आपण सगळे भाडेकरू. करारात एक कलम आहे : जागा वापरात नसली तर परत घेता येते. ते कलम चाळीस वर्षांत कुणी वापरलं नाही, कारण ‘वापरात नाही’ असं म्हणणारं कुणी भेटलं नाही.

म्हणून तिसऱ्यांदा विचारतो. तिने तुला काय विचारलं?

मामा

(उद्या दुसरा डोळा आहे. डॉक्टर म्हणालेत, मनाला ताण नको. तू खोटं लिहिणार असशील तर निदान चांगलं लिही. खरं लिहिणार असशील तर आठवड्याने लिही. — ताई)


१४ मार्च

मामा,

ताईने आठवड्याने लिही म्हटलं होतं, मी दोन आठवडे घेतले. चार पत्रं फाडली.

तिने विचारलं होतं, “हे अर्धं शटर कशात धरायचं? चालू की बंद?”

एवढंच. घड्याळवाल्याचंच शटर होतं. पेन रकान्यावर टेकवून ती माझ्याकडे बघत होती. ऊन तापलं होतं, नकाशाची गुंडाळी तिने कपाळावर धरली होती. तिला रीत माहीत नव्हती, मला होती. ‘वाकून पाय बघ’ एवढं म्हणायचं होतं. पण मग त्रेसष्ट दारांत वाकावं लागलं असतं, आणि ती म्हणाली होती, लवकर आटपलं तर चहा घेऊ. आणि मामा, खरं सांगू का, मोठ्या शहरातल्या मुलीला पाय बघायला काय सांगायचं, असंही वाटलं. गावंढळ वाटेन. म्हणून मी म्हणालो, “बंदच. या रस्त्यात वाढलोय मी, मला विचार.”

ती हसली ते यावर. लिहून घेतलं ते हे.

तेव्हा घड्याळवाल्याचे पाय मला दिसत होते. कधीच हलत नाहीत ते. काम करताना तो पायांचाही श्वास धरून बसतो. मी त्या पायांकडे बघत ‘बंद’ म्हणालो.

नोटिसा तीन तारखेला लागल्या. एकेचाळीस शटरांवर, त्यात आपलंही, सकाळी दुकानं उघडायच्या आधी. प्रत्येकीवर माझा शिक्का. ‘नाही’ थोडं उजवीकडे सरकलेलं. लोकांनी शटर वर ढकललं तशा अर्ध्या नोटिसा फाटल्या, अर्ध्या शटराबरोबर गुंडाळून वर गेल्या. दुपारी शटर अर्ध्यावर आलं की परत खाली येतात. मी रस्त्याने चाललो की माझीच अक्षरं एकामागून एक डोळ्यांसमोर लोंबतात.

पुढचं जास्त वाईट आहे. शिंपी, रेडिओवाला, पुस्तकं बांधणारी मावशी, चश्मेवाले, सगळे मिळून माझ्याकडे आले. मला वाटलं कळलं, आता खातोय मार. ते म्हणाले, “तू शिकलेला. हरकतीचे अर्ज लिहून दे.” अर्धवट शिकलेला म्हणालो, तर मावशी म्हणाली, “आमच्यापेक्षा तर जास्त ना.” मी आपल्या काउंटरवर बसून अर्ज लिहिले. प्रत्येकात एकच ओळ : ‘मोजणीच्या दिवशी मी आत होतो.’ शिंप्याने सही करताना विचारलं, “कोण आंधळा आला होता रे मोजायला?” मी शाईचा डबा शोधत राहिलो.

वहीत काही लिहिलेलं नाही. तुझे तिन्ही प्रश्न मला पाठ होते. विचारले नाहीत. तिसऱ्याचं उत्तर आपल्याकडे नाही हे माहीत असणार, म्हणूनच विचारले नसतील.

तिला सांगायला दोनदा गेलो. पहिल्यांदा नकाशा भिंतीवर लावत होती, मला म्हणाली टोक धर. मी टोक धरलं. दुसऱ्यांदा तिने विचारलं, “तुझा चेहरा असा का?” म्हणालो, ऊन लागलं.

सत्तावीस तारखेला सुनावणी आहे. मी काय करू? मनात येतं, साहेबांची कॉलर धरावी. मग आठवतं, साहेबांनी काय केलंय? शिक्काही माझा, ‘बंद’ही माझं. कॉलर धरायची तर माझीच धरावी लागेल.

तुझ्या डोळ्याचं कळव. माझ्याशी बोलवत नसेल तर ताईला लिहायला सांग.


१९ मार्च

चि. तोफेस,

पट्टी निघाली. हे माझं अक्षर आहे. वाकडं वाटलं तर डोळ्यांना दोष देऊ नकोस, महिनाभर पेन धरलं नव्हतं.

दृष्टी आली आणि पहिला कागद वाचला तो तुझा. ताई आडवी आली, मी ऐकलं नाही.

रागावलो. पिवळी भिंत लाल दिसेपर्यंत रागावलो. नंतर तुझ्या जागी स्वतःला उभं करून बघितलं. मी वीस वर्षांचा असताना तुझी मामी या रस्त्यावर पत्ता विचारत आली होती. मला तो पत्ता माहीत नव्हता. तरी मी तिला अर्धा तास सोबत चालवत नेलं, पार उलट्या दिशेला. तेव्हा फरक एवढाच की माझ्या खोटेपणाचे चटके तिच्याच पायांना बसले, आणि तिने मला ते आयुष्यभर ऐकवलं. तुझे चटके एकेचाळीस जणांना बसले.

सुनावणीला जा. कुणाची कॉलर नको, आवाज नको. तुला जे दिसत होतं ते सांग. तू पाय बघितले आहेस, तुझ्याइतके कुणीच बघितलेले नाहीत. एकेक दुकान घे, एकेक पाय सांग. मुलगी गेली तर जाईल. तिचा नकाशाही जाईल, आणि त्याचं वाईट मला तुझ्यापेक्षा जास्त वाटेल, कारण पहिलं काम बिघडलं की हात बराच काळ घाबरतो.

आपल्या दुकानाची चिंता करू नकोस. आत आजोबा होते. एका पायात मोजा, दुसरा उघडा. त्यांचं वर्णन तर तक्ता करणारा साहेबही विसरणार नाही.

मी दोन एप्रिलला येतोय. गाडी सकाळची आहे. स्टेशनवर येऊ नकोस, दुकान उघडं ठेव. मला येताना लांबूनच बघायचंय.

मामा


२८ मार्च

मामा,

आधी शेवट सांगतो, म्हणजे वाचताना तुला आशा लागणार नाही. चाळीस सुटली. एक राहिलं. ते आपलं.

आता सगळं, क्रमाने.

सुनावणी ऑफिसच्या लांब खोलीत होती. टेबलापलीकडे साहेब आणि ती, भिंतीवर नकाशा. अलीकडे आपला अख्खा रस्ता, कुणी बाकावर, कुणी उभं. शिंप्याने कपाटातला कोट घातला होता, त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. साहेबांनी पहिला अर्ज उचलला आणि म्हणाले, “मोजणी करणाऱ्याने बंद लिहिलंय. तुम्ही म्हणता चालू. मी कुणाचं धरू?”

मी उठलो. म्हणालो, “मोजणी करणारा मी आहे. मी खोटं सांगितलं.”

मामा, मला वाटलं होतं गोंगाट होईल. मावशीने फक्त माझ्याकडे बघितलं आणि मांडीवरचा अर्ज, माझ्या अक्षरातला, घडी घालून पिशवीत ठेवला. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना मला उत्तर देता येतं.

साहेब म्हणाले, “आता नातेवाईक, शेजारी म्हणून फिरलास. तू आत माणसं बघितलीस याला पुरावा काय?”

मग मी पाय सांगितले. पहिल्या दुकानापासून. घड्याळवाला, काळ्या चपला, दोन्ही टाचा जुळलेल्या, हलत नाहीत. शिंपी, उजव्या पायाचा अंगठा पायडलच्या कडेबाहेर, नख निळं. चश्मेवाले, तपकिरी बूट, डाव्याची नाडी कायम सुटलेली, स्टुलाच्या दांडीवर. रेडिओवाला, डावा पाय ठेका धरतो, रेडिओ बंद असला तरी. कुलूपवाला झोपलेला, दोन तळवे बाहेर, त्यांच्यामध्ये मांजर. पुस्तकं बांधणारी मावशी, अनवाणी, टाचेला सरसाचा वाळलेला डाग.

साहेबांनी हात वर केला. “थांब.” आणि मामा, ते वाकले. सरळ टेबलाखालून वाकून पलीकडे बघायला लागले. शिंप्याने चपलेतून अंगठा बाहेर काढला. निळा. मावशीने पाय पुढे केला. चश्मेवाले नाडी बांधायला खाली गेले, तर सगळे एकदम ओरडले, “राहू द्या, राहू द्या!” त्या खोलीत तेवढंच एकदा हसू फुटलं. ती हसली नाही. ती नकाशाकडे पाठ करून बसली होती आणि तक्त्यावर एकेक ‘बंद’ खोडत होती. मी पाय सांगायचो, तिचं पेन फिरायचं. आम्ही दोघांनी एकत्र केलेलं हे सगळ्यात मन लावून केलेलं काम असेल.

चाळीस झाली. साहेबांनी पेन खाली ठेवून म्हटलं, “हे बघ, मी तुझ्या एका तोंडावर चाळीस नोटिसा रद्द करतोय. यातलं एक जरी खोटं निघालं तर सगळी मोजणी आहे तशी ठेवीन. आता शेवटचं. शिक्क्यांचं दुकान. आत कोण होतं?”

मी नकाशावरच्या आपल्या लाल चौकोनाकडे बघितलं.

तेवढ्यात मागून चश्मेवाल्यांचे आजोबा उठले. काठी टेकत पुढे आले. म्हणाले, “मी होतो. खुर्चीत बसलो होतो,” आणि साहेबांसमोर आपला मोजा घातलेला पाय पुढे केला.

मामा, आजोबा तिथे नव्हते. मी तुला खोटं लिहिलं होतं. ते पहिल्या दिवशी आले होते, एकच दिवस. वेळ जावा म्हणून त्यांनी खिळ्यांची पेटी आवरली आणि अक्षरं चुकीच्या खणांत टाकली. मी आल्यावर ओरडलो. म्हातारपणी हात कुठेही घालू नये, असं काहीतरी बोललो. पुढचं लिहवत नाही. ते काठी घेऊन उठले, आणि परत कधी आले नाहीत. त्यानंतर रोज दुपारी मी शटर अर्ध्यावर ओढून निघून जायचो. आत कुणी नसायचं. रस्त्याला वाटायचं माणूस आहे. तुला वाटायचं आजोबा आहेत. सगळ्या तक्त्यात खरोखर बंद असलेलं एकच दुकान होतं, आणि त्यासमोरून मी रोज हातात पेन घेऊन गेलो.

आणि ज्यांना मी बोललो, ते पाय पुढे करून उभे होते.

तिने मान वर केली. दोन तासांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “खरं?”

पुन्हा एकच प्रश्न. पुन्हा तिचं पेन रकान्यावर टेकलेलं. मामा, मला तुझी खुर्ची दिसली, खिळ्यांची पेटी दिसली, वही दिसली. तू लांबून बघत येणार होतास तेही दिसलं. ‘हो’ म्हणायला ओठ उघडलेही होते. मग मागे बसलेली चाळीस माणसं आठवली. एकदा मी तिच्यासमोर सोपं उत्तर देऊन बसलोय.

मी म्हणालो, “नाही. आजोबा मला वाचवताहेत. आत कुणी नव्हतं. असायला मी हवा होतो.”

आजोबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “गाढवा,” आणि जाऊन बसले. मामा, इतक्या मायेने मला आजवर कुणी गाढव म्हटलेलं नाही.

साहेबांनी चाळीस अर्ज एका बाजूला केले. तुझ्या दुकानाचा कागद समोर ओढला. ड्रॉवरमधून शिक्का काढला. माझा. फुंकर मारली, शाईवर टेकवला आणि तुझ्या नावाखाली दाबला. ठसा स्वच्छ उतरला. तीस दिवसांत जागा रिकामी करायची आहे.

मी तो शिक्का मागितला. साहेब म्हणाले, सरकारी वस्तू आहे.

लोक उठले. कुणी माझ्या अंगाला लागणार नाही अशा बेताने बाहेर गेले. शिंपी दाराशी थांबला, मग कोटाचं बटण लावून गेला. ती नकाशा उतरवत होती. मी टोक धरायला पुढे झालो. म्हणाली, “नको. मी करते.” मग, पाठमोरीच, “मला वाकायला सांगितलं असतंस तर मी वाकले असते. त्रेसष्ट दारांत वाकले असते.”

प्रत्येक दारात ती वाकली असती, हे मला आता पक्कं माहीत आहे.

दोन तारखेला तू येशील तेव्हा दुकान उघडं असेल. रोज दुपारी मी आत असेन, पाय दिसतील असे. काल वहीत ठसा चिकटवलाय. शेजारी तुझे तीन प्रश्न लिहिलेत. पहिल्यापुढे लिहिलंय : एकेचाळीस दारांवर. दुसऱ्यापुढे माझं नाव. तिसऱ्यापुढची जागा तुझ्यासमोर बसून भरायची आहे. तू सांगशील ते लिहीन, आणि सांगशील ते करीन. जागा शोधेन, पेट्या वाहीन, खिळे एकेक करून परत खणांत लावेन. कॉलेजात परत जा म्हणालास तर तेही.

एवढंच सांगायचं राहिलंय. मी निघालो तेव्हा त्या खोलीत ती एकटीच होती, नकाशाची गुंडाळी करत. दाराला वरपासून खालपर्यंत काच होती. मूठ हातात आली आणि हाताला सवयीने जोर आला. मला आपटायचं होतं, मामा, फार आपटायचं होतं. पण रागवायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी बाहेर आलो, मूठ फिरवून धरली, कुलपाची जीभ चौकटीत बसेपर्यंत सोडली नाही, आणि आवाज न करता दार लावून घेतलं.